वांग्याच्या फुलावरची एकांडी माशी: तिला बांधावर जागा कशी करून द्यायची

आमचं रान कृष्णाकाठी, पलूस तालुक्यात. ऊस, थोडी हळद आणि घरामागं दहा गुंठे माळवं, म्हणजे भाजीपाला. माळव्यात वांगी मुख्य. चार वर्षांपूर्वी वांग्याला फूल भरपूर लागलं आणि निम्मं गळून गेलं. एकानं सांगितलं, मधमाशीच्या पेट्या ठेवा. भाड्यानं दोन पेट्या आणल्या. माश्या रोज सकाळी पेटीतून निघायच्या, वांग्यावरून सरळ पुढं शेजारच्या सूर्यफुलावर जायच्या. पैसे गेले आणि वांगं होतं तसंच राहिलं.

त्या महिन्यात रोज सकाळी फुलांपाशी बसायचा नाद लागला, आणि मग दिसलं की वांग्यावर एक वेगळीच माशी येते. पोटावर निळसर चमकदार पट्टे, अंगावर तांबूस लव. फुलाला उलटी लटकते, मधल्या पिवळ्या दांड्यांना मिठी मारते आणि तिचा आवाज एकदम बारीक, चढा होतो. तो आवाज थांबला की तिच्या पोटावर पिवळी भुकटी दिसते. तिला पोळं नाही, राणी नाही, मध साठवणं नाही. एकेक मादी स्वतःचं बीळ स्वतः करते, अंडी घालते आणि हंगाम संपला की मरते. जगात मधमाश्यांच्या वीस हजारांवर जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक अशाच एकांड्या आहेत. पोळं करणाऱ्या मूठभर, पण आपल्याला माहीत असतात त्या तेवढ्याच.

ही माशी विकत आणायची नसते. ती तुमच्या बांधावर आधीच असते. आपण तिची जागा मोडतो, म्हणून ती कमी होते. जागा परत कशी करून द्यायची, ते मी केलं त्या क्रमानं लिहिते. माझ्या चुकाही लिहिते, म्हणजे तुमचं वर्ष वाया जायचं नाही.

१. आधी आठवडाभर नुसतं बघा

काही बांधायच्या आधी वही आणि मोबाइल घेऊन सकाळी आठ ते दहा या वेळात एकाच जागी पंधरा मिनिटं बसा. कुठल्या फुलावर कोण आलं आणि किती वेळा आलं, एवढंच लिहा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात हळू गतीचा व्हिडिओ घेता आला तर फार उपयोग होतो, कारण उडणाऱ्या माशीचे पट्टे नुसत्या डोळ्याला दिसत नाहीत.

मग जमिनीकडं बघा. पायवाटेच्या कडेला, भिंतीच्या पायथ्याला, बांधाच्या उन्हाकडच्या उतारावर पेन्सिलीएवढं किंवा त्याहून बारीक भोक आणि भोवती भुसभुशीत मातीचा छोटा ढीग दिसेल. मुंगीचं वारूळ समजून आपण त्यावर पावडर टाकतो. पाच मिनिटं थांबा. मुंग्यांची रांग नसेल आणि एकच माशी आत-बाहेर करत असेल, तर ते तिचं घर आहे. पाय पिवळे करून आत शिरताना दिसली की शंकाच नको.

२. कोण कोण आहे ते ओळखा

कृष्णाकाठापासून खानापूर-आटपाडीच्या माळापर्यंत आणि पलीकडं साताऱ्यातही या चार-पाच सहज सापडतात.

भुंगा सगळ्यांना माहीत आहे. मोठा, काळा, उन्हात पंख निळे-जांभळे चमकणारा. वाळलेल्या लाकडात गोल बीळ पाडतो. शेवग्याच्या फुलावर हमखास येतो.

निळ्या पट्ट्यांची माशी वर सांगितली. ती मातीत आणि मातीच्या जुन्या भिंतीत राहते.

पानं कापणाऱ्या माशीचं काम तुम्ही बघितलं असेल, माशी बघितली नसेल. गुलाबाच्या पानाच्या कडेला कात्रीनं कापावा तसा गोल तुकडा नसतो, ते तिचं काम. अळीनं खाल्लेलं पान खरबरीत दिसतं, हिचं काप अगदी साफ असतं. तुकडा ती खाण्यासाठी नेत नाही, पिल्लाच्या खोलीला अस्तर लावते. ही पराग पायावर ठेवत नाही, पोटाखाली चिकटवते. पोट पिवळं असलेली माशी तुरीवर दिसली तर बहुतेक हीच. गुलाबाला औषध मारू नका. दहा-वीस पानांनी गुलाब मरत नाही.

बारीक, हिरवी-निळी चकाकणारी माशी संकासुराच्या किंवा अडुळशाच्या छाटलेल्या वाळक्या काडीत राहते. आणि काळपट, अगदी लहान अशा घामावर बसणाऱ्या माश्याही जमिनीत बिळं करतात.

आता एक गोंधळ मोडून काढते. कुंभारीण, म्हणजे भिंतीवर चिखलाचं मडकं करणारी, ही माशी वेगळी. ती पराग नेत नाही, अळ्या पकडून नेते. तिलाही मारू नका, माळव्यातल्या अळ्या कमी करायला तिची मदतच होते.

चावण्याची भीती सगळ्यांना असते. एकांड्या माशीला राखायला पोळं नाही, त्यामुळं ती अंगावर येत नाही. मादीला नांगी असते, पण हातात दाबली तरच ती वापरते. नराला नांगीच नसते. तोंडासमोर घोंघावणारा भुंगा बहुतेक नरच असतो, दुसऱ्या नराला हाकलत असतो. आग्या मोहोळाची गोष्ट पूर्ण वेगळी. त्याच्या जवळपास हे प्रयोग करायचेच नाहीत.

३. तुमच्या पिकाला तिची गरज आहे का, ते ठरवा

हे कोणी सांगत नाही, म्हणून स्पष्ट लिहिते. उसाला माशी लागत नाही. हळद गड्ड्यावर येते, तिलाही नाही. द्राक्षाचं फूल आपलं आपण फळतं. म्हणजे सांगलीची जी नगदी पिकं, त्यातल्या बऱ्याच पिकांना माशीचं देणं नाही. उत्पन्न दुप्पट होईल असं सांगून कोणी काही विकायला आलं, तर आधी पीक विचारा.

पण माळव्यात उलटं आहे. काकडी, दोडका, कारलं, भोपळा यांच्यात नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ असतं. पराग कोणीतरी उचलून नेल्याशिवाय ते वाढत नाही, किंवा काकडी एका टोकाला बारीक आणि वाकडी होते. शेवग्याला भुंगा लागतो. तुरीला माशी नसली तरी शेंग धरते, पण तूर या माश्यांची मोठी चाऱ्याची जागा आहे.

वांग्याचं मात्र नीट समजून घ्या. वांग्याच्या फुलात मध नसतो, म्हणून पेटीतली माशी तिकडं फारशी फिरकत नाही. पराग असतो तो बंद दांड्यांत, आणि दांडीच्या टोकाला बारीक भोक. रांगोळी काढायची नळी असते ना, हलवल्या-ठोकल्याशिवाय तिच्यातून रांगोळी सुटत नाही, तसं. वाऱ्यानं फूल हललं तर थोडा पराग पडतो आणि काही फळं धरतात. पण निळ्या पट्ट्यांची माशी आणि भुंगा फुलाला धरून छातीचे स्नायू थरथरवतात आणि पराग झाडून काढतात. पोळ्यातल्या आपल्या मधमाश्यांना ही थरथर येत नाही. टोमॅटोचंही असंच.

एक मात्र आहे. वांग्याच्या काही फुलांत मधली काडी आखूड असते, ती दांड्यांच्या आतच राहते. अशा फुलाला माशी कितीही वेळा आली तरी फळ धरत नाही. फूलगळ झाली की आधी पंचवीस फुलं उघडून काडी बघा. बहुतेक आखूड असतील तर दुखणं खताचं, पाण्याचं किंवा हवेचं आहे, माशीचं नाही.

४. माती राखा, हे सगळ्यात महत्त्वाचं

एकांड्या माश्यांपैकी साधारण ७० टक्के जमिनीत राहतात. तरी लोक सुरुवात बांबूच्या नळ्यांपासून करतात, कारण त्या दिसायला छान. मीही तेच केलं. तुम्ही मातीपासून सुरू करा. त्याला खर्चही नाही.

बांधाचा उन्हाकडचा, पाणी न साठणारा एखादा तुकडा निवडा. दहा-पंधरा फूट लांबीचा पुरे. तिथं नांगर, कुदळ, तणनाशक, पेटवापेटवी वर्षभर बंद. गवत दाट झालं तर विळ्यानं कापा, पण उपटू नका. थोडी उघडी माती राहिली पाहिजे, गवताच्या गादीत तिला बीळ करता येत नाही. दरवर्षी बांध कोरून सरी वाढवायची सवय आपल्याकडं आहे. त्या वीतभर जमिनीत पुढच्या वर्षाची पिल्लं असतात.

काळ्या रानात एक अडचण येते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. माझ्याकडं रानाच्या मधोमध एकही बीळ सापडलं नाही, सगळी कडेला आणि पायवाटेवर. म्हणून घरापाशी वेगळी सोय केली. २०१९ च्या पुरात आमच्या जुन्या वाड्याची मागची भिंत पडली होती. पांढरीच्या, म्हणजे गावठाणातल्या भुरकट मातीची, हात-हात जाड. त्या भिंतीला पूर्वी चाळणीसारखी भोकं होती आणि आम्ही लहानपणी त्यात काड्या घालायचो. पडल्या भिंतीची तीच माती वापरली.

करायचं असं: पांढरीची माती किंवा पोयटा तीन भाग, बारीक वाळू एक भाग, पाणी घालून घट्ट मळा. जुन्या लाकडी खोक्यात किंवा कापलेल्या पत्र्याच्या डब्यात दाबून भरा. ओली असतानाच पेन्सिलीनं सात-आठ भोकं पाडा, बोटभर खोल, एकमेकांपासून तीन बोटांवर. सावलीत आठ-दहा दिवस वाळवा. मग नखानं खरवडून बघा. भुकटी निघाली पाहिजे. नख घसरलं तर माती जास्त कडक झाली, तिला पोखरता येणार नाही. फोडा आणि वाळू वाढवून परत मळा. सिमेंट चिमूटभरही घालू नका. हे खोकं वळचणीखाली, तोंड पूर्वेकडं करून, जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीवर पक्कं बसवा.

माझ्या पहिल्या खोक्याला दिवाळीपर्यंत कोणी हुंगलं नाही. तुळशीच्या लग्नानंतर एका भोकाखाली ताज्या मातीची बारीक धार दिसली.

५. नळ्यांची मोळी बांधा

काय काय लागतं:

- वाळलेला बारीक बांबू किंवा बोरू, आतलं भोक ४ ते १० मिलिमीटर, सगळ्या मापांचा मिळून
- बारीक दातांची करवत किंवा हॅक्सॉ ब्लेड
- पॉलिश पेपर
- बाइंडिंग तार, पत्र्याचा तुकडा, थोडं ग्रीस
- ड्रिल मशीन असेल तर ४, ६, ८ आणि १० मिलिमीटरचे बिट आणि बाभळीचा वाळका ओंडका

कुठला दाखला, परवाना, अर्ज लागत नाही. घरातल्यांची आणि शेजाऱ्याची तयारी मात्र लागते. बांध सामाईक असेल तर आधी बोलून घ्या.

बांबू असा कापा की एका टोकाला गाठ राहील आणि दुसरं टोक उघडं राहील. लांबी साधारण १५ सेंटिमीटर. दोन्ही बाजूंनी उघडी नळी निरुपयोगी. आखूड नळीतही तोटा आहे. माशी आतल्या खोल्यांत मादीची अंडी घालते आणि तोंडाकडं नराची. नळी आखूड झाली की मादीची जागा कमी होते. उघड्या टोकाची कड पॉलिश पेपरनं घासा, कूस राहिली तर पंख फाटतात. ओंडक्यात ड्रिल मारलं तर भोक आरपार जाऊ देऊ नका.

वीस-पंचवीस नळ्यांची मोळी करा. शंभर-दोनशे नळ्यांचं मोठं घर करू नका. दुसऱ्याच्या घरात अंडी घालणाऱ्या परजीवी माश्या असतात, त्यांना एकाच ठिकाणी सगळं सापडतं. चार ठिकाणी चार लहान मोळ्या बऱ्या.

ठेवायची कुठं, यात माझं पहिलं वर्ष गेलं. मी मोळी कडुलिंबाला दोरीनं टांगली. वाऱ्यानं हलायची, परतीच्या पावसात भिजली. मार्चमध्ये एक नळी चिरून बघितली. आत परागाची पिवळी गोळी होती, तिच्यावर काळी बुरशी, आणि अळी वाळून गेलेली. त्यानंतर मी टांगणं सोडलं. मोळी खांबाला किंवा भिंतीला तारेनं घट्ट बांधा, हलता कामा नये. तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, म्हणजे सकाळचं ऊन मिळतं आणि दुपारचं लागत नाही. तोंडाकडं किंचित उतार, म्हणजे पाणी आत शिरत नाही. वर पत्रा, चार बोटं पुढं आलेला. मोळी खांबाला असेल तर खांबाला खाली-वर ग्रीसचा पट्टा लावा, मुंग्या अडतात. मोळी घटस्थापनेच्या आसपास लावा. पावसाळा सरत आलेला असतो आणि तीळ, तूर फुलायला लागलेली असते.

ऑनलाइन मिळणाऱ्या तयार घरांविषयी एवढंच सांगते: काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्या असलेलं घेऊ नका. त्यात दमटपणा कोंडतो आणि बुरशी धरते. मी एक घेतलं होतं, त्यातल्या नळ्या काढून बोरू भरले तेव्हा ते कामाला आलं.

६. भुंग्याला त्याचं लाकूड द्या

आमच्या मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, पहिल्या वर्षी गोठ्याचा वासा दाखवला. खाली भुसा पडलेला. "अगं, भुंग्यानं वासा खाल्लाय. डांबर वत त्यात."

"मामा, तो लाकूड खात न्हाई, ऱ्हायला जागा करतोय. आपण त्येला दुसरं लाकूड देऊ."

पांगाऱ्याचा किंवा शेवग्याचा वाळका, मांडीएवढा ओंडका गोठ्याच्या मागच्या खांबाला आडवा बांधला. वाश्याला ऑइल पेंटचे दोन हात दिले, कारण रंगवलेल्या लाकडात भुंगा सहसा शिरत नाही. रंग द्यायच्या आधी भोकात कोणी नाही ना ते बघून घ्या. संध्याकाळी भोकाच्या तोंडाला बारीक काडी लावली तर आतून गुरगुर ऐकू येते. पुढच्या वर्षी तीन भोकं ओंडक्याला, वाश्याला नवीन एकही नाही. मामा आता पाहुण्यांना ओंडका दाखवतात.

७. वर्षभर काहीतरी फुललेलं ठेवा

बारीक माशी घरापासून काहीशे मीटरच उडते. भुंगा किलोमीटरभर जातो, पण बाकीच्यांना जवळ फूल पाहिजे. भाद्रपद-आश्विनात टाकळा, कुर्डू आणि तीळ. थंडीत तूर आणि फुलाला सोडलेली कोथिंबीर. एक वाफा काढायचाच नाही, धणे धरू द्यायचे. त्यानंतर गिरिपुष्प, शेवगा, करंज. उन्हाळ्यात निर्गुडी आणि पाणी घातलेली तुळस. आटपाडी-जत किंवा माण-खटावच्या माळावर तरवड राखा. त्याचा परागही वांग्यासारखाच थरथरवून काढावा लागतो.

बोगनवेल, पेट्युनिया, दाट पाकळ्यांचा संकरित झेंडू यांनी अंगण छान दिसतं, माशीला मात्र काही मिळत नाही.

८. फवारणी

इथं सगळं केलेलं वाया जाऊ शकतं.

डब्यावरचा हिरवा किंवा निळा त्रिकोण बघून "हे सौम्य आहे" असं समजू नका. तो रंग माणसाला आणि सस्तन प्राण्यांना औषध किती विषारी आहे यावर ठरतो. माशीचा त्याच्याशी संबंध नाही. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झामसारखी आंतरप्रवाही औषधं झाडाच्या रसातून परागात उतरतात. फवारा फुलावर पडला नाही म्हणून फूल स्वच्छ राहत नाही.

वांग्याच्या शेंडे आणि फळं पोखरणाऱ्या अळीला मी आधी कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग अडकवणारे) लावते आणि वाळलेले शेंडे आठवड्याला खुडून नष्ट करते. तरी गरज पडली तर फवारणी माश्या परतल्यावर, संध्याकाळी. पण एक खबरदारी घ्या. बऱ्याच एकांड्या माश्यांचे नर बिळात झोपत नाहीत. तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन बांधावर जा. वाळक्या काडीला जबड्यानं चावा घेऊन पाय आखडून लटकलेले दिसतील, कधी एकाच काडीवर पाच-सहा ओळीनं. म्हणजे संध्याकाळचा फवारा बांधावर उडाला तर ते सगळे गेले. वारा असेल तर पंप उचलू नका. कडेच्या दोन ओळी बांधाकडं पाठ करून, आतल्या बाजूला तोंड करून फवारा. पंप बांधावर धुऊ नका.

उसाचं पाचट पेटवताना आग बांधावर चढते. पाचट कुजवलं तर रानालाही बरं.

९. भरलेल्या नळ्यांचं काय करायचं

नळीचं तोंड पानानं, चिखलानं किंवा चिकानं बंद झालं की ती भरली. पानाचं बूच म्हणजे पानं कापणारी माशी. चिखलाचं असेल तर कुंभारणीचीही असू शकते, तीही राहू द्या. उघडून बघण्याचा मोह आवरा. काही जातींची पिल्लं महिना-दीड महिन्यात बाहेर येतात, काही पुढच्या हंगामापर्यंत आत थांबतात. बुचाला गोल भोक पडलं म्हणजे बाहेर आली.

तारीख आणि भरलेल्या नळ्यांचा आकडा वहीत लिहा. मला पहिल्या वर्षी दोन मिळाल्या, दुसऱ्या वर्षी अकरा. वैशाखात मोळीवर दुपारचं ऊन येत असेल तर पोत्याचा आडोसा करा, मोळी हलवू नका. माशी घर जागेवरून ओळखते, हातभर सरकवलं तरी ती जुन्या जागेभोवतीच घिरट्या घालत राहते. रिकाम्या झालेल्या नळ्या दोन वर्षांनी काढून जाळा, त्यांत किडे आणि बुरशी साठते. त्या जागी नवीन कापून घाला. बुचाला भोक न पडलेल्या नळ्या मात्र बाजूला काढून नव्या मोळीच्या मधोमध खोवा, तोंड पूर्वीसारखंच पूर्वेकडं.